उजवा पाय

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी विचारलेलं नाही. आमच्या घरात याआधी कोणी काही लिहिलेलं नाही. गावाला पत्र पाठवायचं असलं तर बाबा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. कॉलेजात आल्यावर मी निबंध लिहिले, पण ते परीक्षेपुरते. जिवंत माणसाबद्दल कसं लिहितात, किती सांगायचं आणि किती झाकायचं, हे मला कळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, या माणसाला मी एक गोष्ट तोंडाने सांगायला हवी होती, ती अजून सांगितलेली नाही. जे तोंडाने जमलं नाही ते कागदावर लिहिणं हा भित्रेपणा आहे, हे मला समजतं. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ते माझ्या बाबांच्या टोळीत होते. कोलशेतला टाइल्सचं एक गोडाऊन आहे, तिथे गाड्या भरायच्या आणि खाली करायच्या, हे टोळीचं काम. टाइल्सचे बॉक्स दिसायला लहान, पण उचलायला गेलं की जमिनीला चिकटल्यासारखे जड. मधूनमधून सिमेंटची गाडीही यायची. आम्ही सगळे खाडीच्या अंगाला एका चाळीत राहायचो. आमच्या खोलीपासून तिसरी खोली त्यांची. बायको, मुलं गावाला, घाटावर. हे इथे एकटे. मी त्यांना काका म्हणायचो. टोळीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे पायाळू म्हणत.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण निघून जाते, असं आमच्याकडे मानतात. काकांच्या बाबतीत हे नुसतं मानणं नव्हतं, रोजचा शिरस्ता होता. सकाळी पहिली गाडी लागायच्या आधी गोडाऊनच्या मागच्या बाजूला रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे पसरलेले असत आणि त्यावर दोन-तीन माणसं पालथी पडलेली असत. काका उजव्या पायातली चप्पल काढून, भिंतीला एक हात टेकवून, एकेकाच्या पाठीवर पाय ठेवत पुढे सरकायचे.

"पायाळू, दुकान आवर लवकर, गाडी लागलीय," मुकादम ओरडायचा.

"गाडीला पाठ न्हाई, थांबंल ती," काका म्हणायचे.

त्यांचे नियम होते. पाय तीनदाच लागायचा. नंतर माणसाने उठून मागे न बघता तीन पावलं चालायचं आणि मगच बरं वाटलं की नाही ते सांगायचं. ज्याला पाय लावला त्याच्या हातचा चहा त्या दिवशी ते घेत नसत. आणि पाय ठेवण्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा.

"कुठलं ओझं?"

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक दुखण्यामागे एक नेमकं ओझं असतं, आणि ते आठवल्याशिवाय दुखणं सुटत नाही. माणूस म्हणायचा, "काय माहीत, काल दिवसभर उचलतच होतो." ते ऐकून घ्यायचे नाहीत. आठव म्हणायचे. मग तो पालथा पडल्यापडल्याच आठवायचा. "दुपारची दुसरी गाडी. खालच्या थरातला बॉक्स. वाकून वळलो तेव्हा चमक भरली." "हां," काका म्हणायचे, "त्योच." आणि पाय ठेवायचे. माझ्या बाबांचं असं कितीदा झालं असेल. बाबा घरी येऊन आईला सांगायचे, की पाय लागायच्या आधी, ते ओझं आठवलं तेव्हाच अर्धं दुखणं उतरलं.

उजव्या पायाची ते फार निगा राखायचे. संध्याकाळी मोरीत बसून एका निळ्या टबात कोमट पाणी आणि मीठ घालून फक्त तोच पाय धुवायचे. त्याचा पंचा वेगळा. त्या पायाने त्यांनी कधी दगड उडवला नाही, कुत्र्याला हाकललं नाही. बसमध्ये डावा पाय आधी टाकायचे. गर्दीत डावा पाय कुणाला लागला तर वाकून नमस्कार करायचे. उजवा लागला तर म्हणायचे, "घ्या, तुमचं फुकटात झालं."

तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत. टोळीत चार वर्षं काढलेल्या माणसाला ते समोरून भलत्याच नावाने हाक मारायचे. पण पाठमोरा माणूस रस्त्याच्या टोकाला असला तरी अचूक ओळखायचे. एकदा मी कॉलेजातून येत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "काय रं, आज पाठ उतरलीय तुझी. नापास झालास का?" मी खरोखरच इंग्रजीत नापास झालो होतो.

विजेला मात्र भयंकर भ्यायचे. पायाळूवर वीज पडते असं लहानपणापासून त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आभाळ गडगडलं की हातातला बॉक्स खाली ठेवून ते जिन्याखाली जाऊन बसायचे, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन. माणसं हसायची. "पायाळू, वर बघ, तुझं बोलावणं आलंय." पोत्याच्या आतून काका म्हणायचे, "मी गेलो तर तुमच्या कमरांचं काय व्हईल त्ये बघा."

हे सगळं मी हसत हसत लिहिलंय असं वाटेल. आम्ही हसायचोही. पण आता आठवतं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते भिंतीला हात टेकवून उभे राहिलेले दिसतात. आधी ते तोल सावरण्यासाठी नुसती बोटं टेकवायचे. शेवटच्या वर्षी पूर्ण तळवा टेकवायला लागले होते, आणि पाय उचलताना त्यांचा चेहरा आखडायचा. पालथ्या पडलेल्या माणसाला वर उभ्या असलेल्याचा चेहरा दिसत नाही. मी बाजूला उभा असायचो, बाबांचा डबा द्यायला गेलेला, म्हणून मला दिसायचा.

पायाळूची कंबर दुखते, हे टोळीला कळणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांना स्वतःच्या पाठीवर पाय ठेवता येत नव्हता.

मला कळलं ते बाबांमुळे. त्याच वर्षी बाबांची कंबर अशी धरली की काकांच्या पायानेही सुटेना. मी त्यांना सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं होतं आता महिनाभर झोपून राहायला सांगतील. मॅडम म्हणाल्या, "झोपून राहू नका. त्याने पाठ आणखी आखडते. चालायचं, रोज थोडं थोडं वाढवायचं. फक्त ओझं सध्या नाही." पालथं झोपून छाती उचलायची, पाठीवर झोपून गुडघे जवळ घ्यायचे, असे चार-पाच व्यायाम. बाबा आधी लाजले. चाळीत दार लावून करायचे. दीड महिन्याने ते पुन्हा कामावर गेले, वाकण्याऐवजी गुडघ्यात बसून बॉक्स उचलायला शिकून.

ते बघून एका संध्याकाळी काका आमच्या दारात आले. बाबा घरी नव्हते. मला हळूच म्हणाले, "त्या बाईकडं मला नेशील का? तुझ्या बापाला सांगू नगंस."

मी नेलं. मॅडमनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

मला वाटलं, आता ते अचूक सांगतील. कुठली गाडी, कितवा थर, कुठला बॉक्स. काकांनी बोटांवर काहीतरी मोजून बघितलं. मग म्हणाले, "बाई, तेच आठवंना. समद्यांचं आठवतं मला. माझंच कुठलं ओझं त्ये गवसत न्हाई."

मॅडमनी पाठ तपासली, डावा पाय तपासला. मग उजव्या पायाकडे हात नेला, "हा अंगठा वर उचला आणि माझ्या हाताला जोर लावा." काकांनी पाय मागे ओढून घेतला.

"त्या पायाला हात लावायचा न्हाई."

"अहो, त्याच बाजूला दुखतंय म्हणताय ना? ताकद बघायला नको?"

"न्हाई."

मॅडम चिडल्या नाहीत. व्यायाम दाखवले, ओझं बंद करायला सांगितलं, एमआरआयसाठी डॉक्टरांकडे पुन्हा यायला सांगितलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू शिकलेला दिसतोस. लक्ष ठेव. पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा लघवी अडकली, तर एक तासही घरी थांबवू नकोस. ताबडतोब घेऊन ये." मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, "पाय दाखवायला काय हरकत होती?"

ते म्हणाले, "एकदा पायाळूचा पाय माझ्या पाठीला लागू दे. मग त्या बाईच्या हातात देतो पाय. काय करायचं त्ये करू दे."

म्हणजे आधी दुसरा पायाळू शोधायचा. त्यांनी कुठूनतरी माहिती काढली, की मोहन्याला एक म्हातारी आहे, तिथलीच, जुनी. बंद पडलेल्या कारखान्यातले कामगार एकेकाळी तिच्या दारात रांग लावायचे. रविवारी आम्ही कल्याणला जाऊन तिथून रिक्षाने मोहन्याला गेलो. रिक्षा थांबली तिथून वस्तीत पाच-सात मिनिटं चालत जायचं होतं. काका पुढे, मी मागे. माझं लक्ष घरांच्या नंबरांकडे होतं.

म्हातारी खाटेवर होती. खुब्याचं हाड मोडून वर्ष झालं होतं. काकांनी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मना आता उठाया नाय होत रं. पाय कसा लावू तुला?" मग तिची नजर खाली गेली. "तुजी एक चप्पल कुठं हाय?"

आम्ही दोघांनी खाली बघितलं. काकांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. तळव्याला धूळ होती आणि अंगठ्याला खरचटून रक्त आलं होतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"कवा निसटली तुला समाजला नाय?" म्हातारीने विचारलं.

"न्हाई."

"मंग यो पाठीचा नाय, बाबा. दाक्तरकडं जा. उद्याच जा."

परत जाताना चप्पल रस्त्याच्या मधोमध सापडली. काकांनी ती घातली आणि मला म्हणाले, "खरं सांगू? दोन म्हैनं झालं, या पायाला पाठ कळंना झालीय. पुठ्ठ्यावर ठेवलाय का माणसावर, त्ये बघून ठरवतो."

आता मी जे केलं ते सांगतो.

त्या आठवड्यात मी रोज त्यांना हॉस्पिटलात चला म्हणत होतो. ते रोज म्हणत होते, आधी पायाळू. मी समजावून थकलो. मला वाटलं, यांची अट खोटी आहे, तर ती खोट्यानेच पुरी केली तर काय बिघडलं? एकदा पाठीला पाय लागला की ते मॅडमच्या हातात पाय देणार, एवढाच माझा हिशेब होता. शनिवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "काका, आईने काल सांगितलं. मी पण पायाळू आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग इतकी वर्सं का न्हाई सांगितलं?"

"घाबरायची. विजेला."

हे उत्तर मी ठरवून गेलो नव्हतो. ते आपोआप तोंडात आलं, आणि त्याच उत्तरावर त्यांचा विश्वास बसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "आईचं बरोबरच हाय."

मग त्यांनी मला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं. निळा टब घेतला. कोमट पाणी, मीठ. आणि स्वतः खाली बसून माझा उजवा पाय धुतला. मी नको नको म्हणत होतो. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस माझा पाय धूत होता आणि मी खोटं बोलून तिथे बसलो होतो. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्यांच्या वेगळ्या पंचाने त्यांनी तो पुसला.

ते चटईवर पालथे पडले. मी त्यांच्या पाठीवर पाय ठेवला. पाठीला पाय लावणं म्हणजे मोठ्यांचा अपमान असं आम्हाला शिकवलेलं. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे स्नायू होते, दगडासारखे कडक. तीनदा पाय लावला. ते उठले. मागे न बघता तीन पावलं चालले.

"गेली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आता सोमवारी मॅडमकडे जायचं ना?"

"आता कशाला? गेली की."

त्यांना हॉस्पिटलात न्यायचं तर मी पायाळू नाही हे सांगावं लागणार होतं. मी रविवारी दिवसभर ते सांगायची तयारी करत होतो. सोमवारी सकाळी ते गोडाऊनला गेले. मंगळवारीही गेले. मी त्यांना म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. त्यांनी पहिल्याच दिवशी साऱ्या टोळीला सांगितलं. बाबा संध्याकाळी घरी आले आणि आईला म्हणाले, "आपलं पोरगं पायाळू आहे, तू मला बोलली नाहीस कधी." माझा जन्म गावचा, बाबा तेव्हा इथे कामावर होते. आई चपाती लाटत होती. तिने वर बघितलं, बाबांकडे नाही, माझ्याकडे. मग पुन्हा लाटायला लागली. तिला वाटलं असेल, शिकलेला मुलगा आहे, काही कारण असेल.

बुधवारी माझा मोबाइल बंद होता. कॉलेजात चाचणी होती, ती झाल्यावर मी वाचनालयात बसलो. तीन वाजता मोबाइल सुरू केला तर बाबांचे एकामागोमाग कॉल आलेले. मी रिक्षा करून गोडाऊनला गेलो.

मागच्या बाजूला पुठ्ठे पसरलेले होते आणि त्यावर काका पालथे पडले होते. भोवती टोळी उभी होती. बॉक्स उचलताना ते मटकन खाली बसले होते आणि त्यांना उठताच आलं नव्हतं.

"किती वाजता झालं?" मी विचारलं.

"अकराला," बाबा म्हणाले.

"आणि अजून इथे? हॉस्पिटलात का नाही नेलं?"

मुकादम म्हणाला, "तुझीच वाट बघतोय ना. तोच म्हणाला, पोराला बोलवा, त्याचा पाय लागला की उठतो."

मी काकांच्या तोंडाजवळ बसलो. ते घामाने भिजले होते. मी हळूच विचारलं, "काका, लघवी झाली का?"

"सकाळपासून न्हाई. वाटतं, पण व्हत न्हाई. खालचं अंग माझं न्हाईच असं वाटतंय." मग म्हणाले, "आलास बरं झालं. ठेव पाय."

सगळे माझ्या पायाकडे बघत होते. मी ओरडलो, "गाडी आणा." इतकंच बोललो. मी पायाळू नाही, हे तेव्हाही बोललो नाही. मुकादमाने टेम्पो काढला.

हॉस्पिटलातही तरुण डॉक्टरांनी तेच विचारलं, "कधी झालं हे?" बाबांनी सांगितलं, अकराला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग फोनवर कुणाला तरी भरभर सांगत होते. मणक्यातली चकती सरकून नसांवर दाब आला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर लघवी हळूहळू सुरळीत झाली. त्याला बरेच आठवडे लागले. डावा पाय चांगला राहिला. उजव्या पावलात ताकद आली नाही. ते खाली लोंबायचं. मग गुडघ्याखाली प्लास्टिकचा एक साचा दिला, तो बुटात घालून चालायचं. काकांना उजव्या पायात बूट घालावा लागला, आयुष्यात पहिल्यांदा. मॅडम रोज वॉर्डात येऊन व्यायाम करून घ्यायच्या. आता काका त्यांना पाय देत होते. देण्या-न देण्याचं काही उरलंच नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "अंगठा वर." काका अंगठ्याकडे बघत राहायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. अंगठा हलायचा नाही. मॅडम म्हणायच्या, "असू दे, उद्या पुन्हा बघू." एकदा मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं होतं ना तुला, एक तासही नको म्हणून." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी वॉर्डात पाच वेळा गेलो. पाचही वेळा सांगायचं ठरवून गेलो. काका म्हणायचे, "नर्स बाई जेवायला गेल्यात. ठेव की पाय जरा." मी म्हणायचो, टाके आहेत, काका. मग मी सहाव्यांदा गेलोच नाही. परीक्षा होती, हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं.

टोळीत त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. मी परीक्षेत असताना त्यांचा पुतण्या आला आणि खोलीतलं सामान घेऊन गेला. निळा टब मात्र मोरीत राहिला. तो आईने आमच्याकडे आणला, काही दिवस ती त्यात कपडे भिजवायची. नंतर मी तो माळ्यावर टाकला. काका कुठे गेले ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. कोणी गावाला म्हणायचं, कोणी पुतण्याकडे. गोडाऊनच्या मागे पुठ्ठे पसरणं बंद झालं. आता कुणाची कंबर धरली की बाबा त्याला ते व्यायाम दाखवतात. काही जण करतात, काही हसतात. एकदोघे आमच्या दारातही आले होते. मी घरात नाही असं आईने सांगितलं. मी आत होतो.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात सकाळी कॉलेजला निघालो होतो, तेव्हा एक अनोळखी माणूस दारात आला. चाळिशीचा असेल. एका बाजूला कललेला, एक हात कमरेवर.

"पायाळू इथंच राहतो ना? कॉलेजचा?"

मी काही बोलायच्या आत तो उंबरा ओलांडून आत आला आणि आमच्या फरशीवर, आईने नुकतीच पुसली होती त्यावर, हळूहळू पालथा पडला.

"विठ्ठलवाडीहून आलोय," तो खालूनच म्हणाला. "स्टेशनजवळ दुचाकी लावायच्या स्टँडवर एक काका बसतात, लंगडे. त्यांनी पत्ता दिला. माझं ओझं मी आठवून ठेवलंय. फ्रिज होता, दुसऱ्या मजल्यावर चढवत होतो."

आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. मी कसा जन्मलो हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"उठा, दादा," मी म्हटलं. "मी पायाळू नाही. मी चारचौघांसारखा जन्मलोय. खोटं बोललो होतो."

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं ते एका अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघत. तो मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल मी टाळतोय. मी बूट घातले, त्याला हात देऊन उठवलं आणि म्हटलं, "चला, मी येतो बरोबर." रिक्षात मी त्याला विचारलं, पायात ताकद आहे का, बधिर वाटतं का, लघवी होते का. तो सगळ्याला नीट उत्तरं देत होता. सुदैवाने तसलं काही नव्हतं.

हॉस्पिटलात आम्ही मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. तो हातातला केसपेपर उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "त्यांना काय सांगू मी जाऊन?"

"काही सांगू नका. मी रविवारी येतो. मीच सांगतो."

"नका सांगू, भाऊ," तो म्हणाला. "फार जीव आहे त्यांचा तुमच्यावर. पाय गेला म्हणून कधी रडताना बघितलं नाही मी त्यांना. कोणी विचारलं तर म्हणतात, पाय गेला न्हाई, कोलशेतला एका शिकलेल्या पोराला देऊन आलोय. त्यो सांभाळतोय."

आतून मॅडमनी नाव पुकारलं. तो उठला, आणि मी त्याच्या मागून गेलो.